गाओ झीशेंग कुठे आहेत? : एका बेपत्ता बंदिवानासाठी विनंती

१३ ऑगस्ट २०१७ रोजी चीनच्या शान्शी प्रांतातील एका खेड्यातून गाओ झीशेंग नावाचे वकील नाहीसे झाले. त्याआधी तीन वर्षे ते आपल्या थोरल्या भावाच्या घरी पोलिसांच्या पहाऱ्यात राहत होते. तुरुंगातून सुटका होऊनही त्यांना गाव सोडण्याची मुभा नव्हती, दातांच्या उपचारासाठी शहरात जाणेही अवघड होते. त्या ऑगस्टनंतर त्यांचा आवाज कोणी ऐकलेला नाही. त्यांच्या पत्नी गेंग हे मुलगी व मुलासह अमेरिकेत आश्रयाला आहेत. आपला पती जिवंत आहे की नाही, एवढाच प्रश्न त्या वर्षानुवर्षे विचारीत आहेत आणि चीन सरकारने त्याचे विश्वासार्ह उत्तर दिलेले नाही.

‘बेपत्ता’ हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. समुद्रावर गेलेली होडी वादळात परतली नाही तर खलाशी बेपत्ता झाले असे आपण म्हणतो. तेथे कोणालाच काही ठाऊक नसते, म्हणून घरचे आणि गावचे सगळे मिळून शोध घेतात. गाओ यांचे बेपत्ता होणे या प्रकारातले नाही. ज्या माणसावर दिवसरात्र पोलिसांची नजर होती, तो पोलिसांना नकळत हरवू शकत नाही. ते कुठे आहेत हे कोणाला तरी नक्की माहीत आहे. त्या दाराची किल्ली कोणाच्या तरी कमरेला आहे आणि त्यांच्यापुढे जेवणाचे ताट सरकवणारा एखादा हात रोज तेथे जात असेल. ठाऊक असूनही न सांगणे, हेच या अन्यायाचे मर्म आहे.

हा माणूस कोण?

गाओ झीशेंग यांचा जन्म १९६४ साली शान्शीतील एका अत्यंत गरीब शेतकरी कुटुंबात झाला. त्या भागातील अनेक कुटुंबांप्रमाणे त्यांचे घरही मातीच्या डोंगरात कोरलेले होते. वडील लवकर गेले आणि आईने मुलांना कष्टाने वाढवले. गाओ काही काळ सैन्यात होते, नंतर त्यांनी रस्त्यावर भाजी विकली. देशाला वकिलांची गरज आहे हे एका वृत्तपत्रातून समजल्यावर त्यांनी कोणत्याही महाविद्यालयात न जाता कायद्याचा अभ्यास केला आणि १९९५ मध्ये ते वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. वैद्यकीय हलगर्जीने अपंग झालेली मुले, जमीन हिरावून घेतलेले शेतकरी, मजुरी बुडालेले कामगार हे त्यांचे पक्षकार. अशा अनेकांचे खटले त्यांनी विनामूल्य चालवले. २००१ मध्ये चीनच्या न्याय मंत्रालयाने आयोजिलेल्या स्पर्धेत त्यांची गणना देशातील दहा उत्कृष्ट वकिलांत झाली. आज ज्यांचा ठावठिकाणा सरकार सांगत नाही, त्यांच्या गळ्यात एकेकाळी त्याच सरकारने मानाची माळ घातली होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे त्यांनी ज्या खटल्यांना हात घातला ते सत्तेला रुचणारे नव्हते. सरकारमान्य नसलेल्या, घराघरांत भरणाऱ्या ख्रिस्ती उपासनासभांच्या सदस्यांचा त्यांनी बचाव केला. बायबलच्या प्रती छापल्याबद्दल अटक झालेल्या बीजिंगमधील एका धर्मोपदेशकाचे वकीलपत्र घेणाऱ्यांत ते होते. याच काळात ते स्वतःही ख्रिस्ती झाले. परंतु त्यांच्यावर खरा कोप ओढवला तो आणखी एका कारणाने. १९९९ मध्ये बंदी घातलेल्या फालुन गाँग या पंथाच्या अनुयायांचा कोठड्यांमध्ये होणारा छळ त्यांनी प्रत्यक्ष भेटी घेऊन नोंदवला आणि २००४ च्या अखेरीपासून वर्षभरात देशाच्या सर्वोच्च नेत्यांना खुली पत्रे लिहून ते सारे त्यांच्यापुढे मांडले.

येथे आपण क्षणभर थांबायला हवे. फालुन गाँगचे लोक ख्रिस्ती नाहीत. गाओ यांचा त्यांच्या शिकवणुकीवर विश्वास नव्हता. मार खाणारा माणूस आपल्या धर्माचा आहे की नाही, हे पाहून त्यांनी लेखणी उचलली नाही. जखमी वाटसरूच्या कडेने निघून न जाणाऱ्या शोमरोनी माणसाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गाओ यांनी तो आचरणात आणला आणि त्याची किंमत मोजली.

अकरा वर्षांचा वनवास

ती किंमत कशी वसूल करण्यात आली याचा क्रम पाहिला म्हणजे ‘गुप्त कोठडी’ या शब्दाचा अर्थ उमगतो. नोव्हेंबर २००५ मध्ये त्यांच्या कार्यालयाचा परवाना निलंबित झाला. ऑगस्ट २००६ मध्ये त्यांना ताब्यात घेण्यात आले आणि डिसेंबरमध्ये ‘राज्यसत्ता उलथवण्यास चिथावणी’ या आरोपाखाली तीन वर्षांची शिक्षा सुनावली गेली. ती पाच वर्षांसाठी स्थगित ठेवण्यात आली, म्हणजे तलवार डोक्यावर टांगती राहिली. सप्टेंबर २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेसला उद्देशून त्यांनी खुले पत्र लिहिले, तेव्हा त्यांना पुन्हा उचलून नेले. त्या कोठडीत डोक्यावर काळी टोपी ओढून, विजेच्या दंडुक्यांनी आपला कसा छळ झाला याचे वर्णन त्यांनी सुटल्यानंतर लिहून काढले. ते २००९ मध्ये जगासमोर आले.

जानेवारी २००९ मध्ये पत्नी व मुले गुपचूप देशाबाहेर निसटली. त्यानंतर पती-पत्नीची भेट झालेली नाही. ४ फेब्रुवारी २००९ रोजी गाओ यांना पुन्हा नेण्यात आले आणि या वेळी ते वर्षाहून अधिक काळ बेपत्ता होते. भाऊ चौकशीला गेला तेव्हा एका पोलिसाने, ते फिरायला गेले असता हरवले, असे सांगितले. जानेवारी २०१० मध्ये पत्रकारांनी विचारल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे प्रवक्ते म्हणाले की, कायद्यानुसार त्यांनी जेथे असायला हवे तेथेच ते आहेत. एका शासनाची ही दोन उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. एक म्हणतो माणूस हरवला आणि दुसरा म्हणतो तो योग्य जागी आहे. या दोन वाक्यांच्या मधल्या अंधारात एक जिवंत माणूस होता.

मार्च २०१० च्या अखेरीस ते काही आठवड्यांसाठी प्रकट झाले, पत्रकारांना भेटले आणि एप्रिलमध्ये पुन्हा दिसेनासे झाले. डिसेंबर २०११ मध्ये स्थगितीची पाच वर्षे पूर्ण होण्यास जेमतेम आठवडा उरला असताना सरकारी वृत्तसंस्थेने जाहीर केले की त्यांनी अटींचा भंग केला असून आता तीन वर्षांची मूळ शिक्षा भोगावी लागेल. ज्या काळात ते सरकारच्याच ताब्यात होते, त्या काळात त्यांनी कोणती अट मोडली, हे मात्र कोणी सांगितले नाही. शिंजियांगमधील दूरच्या शाया तुरुंगातून ७ ऑगस्ट २०१४ रोजी ते सुटले तेव्हा त्यांना धड बोलता येत नव्हते. रोज पावाचा तुकडा आणि थोडी कोबी यांवर त्यांना ठेवले होते, एकांत कोठडीत उजेड नव्हता, पहारेकऱ्यांना त्यांच्याशी बोलण्याची मनाई होती आणि कुपोषणाने त्यांचे अनेक दात गेले होते, असे त्यांच्या कुटुंबीयांनी व वकिलांनी सांगितले. तरीही हा माणूस थांबला नाही. पहाऱ्यात राहून त्यांनी आपल्या अनुभवांचे पुस्तक लिहिले आणि २०१६ मध्ये ते तैवानमध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी ते नाहीसे झाले.

कायदा काय म्हणतो?

‘हा चीनचा अंतर्गत प्रश्न आहे’ असे उत्तर अशा वेळी हमखास मिळते. म्हणून प्रथम चीनचाच कायदा पाहू. त्या देशाच्या राज्यघटनेचे ४१ वे कलम नागरिकांना शासनसंस्था व अधिकारी यांच्यावर टीका करण्याचा आणि सूचना करण्याचा अधिकार देते. ३७ वे कलम बेकायदा स्थानबद्धतेस मनाई करते. राज्यसंस्था मानवी हक्कांचा आदर व रक्षण करील, असे वचन २००४ मध्ये घटनेत समाविष्ट करण्यात आले. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करार चीनने १९८८ मध्येच मान्य केला. गाओ यांनी चीनकडे मागितले ते परक्यांच्या पदरचे नव्हते, चीनने स्वतः लिहून दिलेलेच त्यांनी मागितले.

अडचण अशी की एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याची सोय कायद्यातच आहे. २०१२ मध्ये सुधारलेल्या फौजदारी प्रक्रिया कायद्यानुसार राष्ट्रीय सुरक्षेच्या प्रकरणात संशयिताला ‘नेमून दिलेल्या जागी निवासी देखरेखीखाली’ सहा महिन्यांपर्यंत ठेवता येते. नाव निवासाचे असले तरी ती जागा त्याचे घर नसते आणि नियमित तुरुंगही नसतो. ती कोठे आहे हे कुटुंबाला सांगण्याचे बंधन नाही आणि वकिलाला भेटायचे तर पोलिसांचीच परवानगी लागते. ९ जुलै २०१५ पासून चीनमध्ये तीनशेहून अधिक वकील व कार्यकर्त्यांची धरपकड व चौकशी झाली, तेव्हा ही तरतूद सर्रास वापरली गेली. त्यांपैकी वांग छ्वानझांग या वकिलाची पत्नी ली वेनझू तीन वर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत राहिली. अखेर डिसेंबर २०१८ मध्ये तिने आणि तिच्यासारख्या तीन स्त्रियांनी निषेध म्हणून आपले केस कापून टाकले. चिनी भाषेत ‘केसांविना’ आणि ‘कायद्याविना’ या शब्दांचा उच्चार सारखाच आहे. आम्ही केसांविना राहू शकतो, देश मात्र कायद्याविना राहू शकत नाही, असे त्यांना सुचवायचे होते. वांग एप्रिल २०२० मध्ये सुटले. गाओ यांच्या बाबतीत तर कायद्याने घालून दिलेली सहा महिन्यांची मर्यादाही केव्हाच उलटून गेली आहे.

‘सक्तीने नाहीसे करणे’ हा स्वतंत्र गुन्हा मानणारा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रसंघाने २००६ मध्ये स्वीकारला आणि तो डिसेंबर २०१० मध्ये अंमलात आला. कैद्यांच्या वागणुकीसंबंधी राष्ट्रसंघाने २०१५ मध्ये सुधारलेले नियम नेल्सन मंडेला यांच्या नावाने ओळखले जातात. त्यांनुसार सलग पंधरा दिवसांहून अधिक काळ एकांतवास देता येत नाही. गाओ यांचा एकांतवास दिवसांत मोजण्याजोगा नव्हता. राष्ट्रसंघाच्या मनमानी स्थानबद्धतेविषयीच्या कार्यगटाने २०१० सालीच त्यांची कैद मनमानी ठरवली होती.

विहिरीतला संदेष्टा

शासनावर टीका करणाऱ्याला अंधारात टाकण्याची कथा पवित्र शास्त्राला नवी नाही. हेरोद राजाचे वर्तन चुकीचे आहे असे तोंडावर सांगणाऱ्या योहानाला तुरुंगात जावे लागले. त्याहूनही आधी यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमच्या राज्यकर्त्यांना न आवडणारे सत्य सांगितले. तो लोकांचे मनोधैर्य खचवतो, असा आरोप ठेवून सरदारांनी त्याला दोरांनी एका विहिरीत सोडले. विहिरीत पाणी नव्हते, चिखल होता आणि यिर्मया त्या चिखलात रुतला. त्याला ठार मारल्याचा डाग कोणाच्या हातावर दिसला नसता, तो आपोआप भुकेने मेला असता. गुप्त कोठडीची युक्ती तेव्हाही हीच होती.

त्या वेळी राजवाड्यातील एक परदेशी सेवक, एबद-मलेख कूशी, पुढे आला. तो इस्राएली नव्हता, त्याला अधिकार नव्हता आणि बोलण्यात धोका होता. तरीही तो वेशीजवळ बसलेल्या सिद्कीया राजाकडे गेला आणि त्याने विनंती केली. यिर्मयाचे भाकीत बरोबर की चूक, हा वाद त्याने घातला नाही. हा माणूस तेथे भुकेने मरेल, एवढेच त्याने सांगितले. राजाने परवानगी दिली तेव्हा एबद-मलेखने भांडारातून जुन्या चिंध्या व फाटके कपडे घेतले, ते दोरीने खाली सोडले आणि दोर काचू नयेत म्हणून ते काखेत धरावेत असे संदेष्ट्याला सांगितले. सुटकेच्या त्या धांदलीतही एका बंदिवानाच्या काखेला दोर काचतील, याची काळजी करणारे ते हृदय पाहा. शास्त्रलेखकाने इतकी लहान गोष्ट लिहून ठेवली, कारण देवाच्या दृष्टीने ती लहान नव्हती.

यिर्मया त्यानंतर मुक्त झाला नाही. यरुशलेमचा पाडाव होईपर्यंत तो पहारेकऱ्यांच्या चौकात बंदिवानच राहिला. पण चिखलातला कैदी आणि उजेडातला कैदी यांत जीवन-मरणाचे अंतर असते. आपली विनंतीही याच जातीची आहे. गाओ यांची बिनशर्त सुटका व्हावी, असेच आम्हाला वाटते. परंतु त्यांना दोषी मानणाऱ्या सरकारलाही टाळता येणार नाही अशी एक किमान मागणी आहे. माणूस कोठे आहे ते सांगा, त्याला पोटभर अन्न, औषध व वैद्य द्या, पत्नीशी बोलू द्या, वकिलाला भेटू द्या. ही दया नव्हे, मनुष्य म्हणून त्याला मिळायला हवे असे हे ऋण आहे. पौलाला कैसराकडे पाठवताना, कैद्यावरील दोषारोप न सांगता त्याला धाडणे मूर्खपणाचे ठरेल, हे फेस्त या रोमन सुभेदारालाही कळले होते. एका मूर्तिपूजक सुभेदाराला जे समजले ते आधुनिक राष्ट्राला समजू नये काय?

ख्रिस्तसभेची शिकवण आणि आपले मौन

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या आपल्या दस्तऐवजात मनुष्याच्या प्रतिष्ठेविरुद्धच्या अपराधांची यादी दिली आहे. त्या यादीत शारीरिक व मानसिक छळ आहे आणि मनमानी तुरुंगवासही आहे. अशी कृत्ये ज्यांच्यावर होतात त्यांच्यापेक्षा ती करणाऱ्यांनाच अधिक कलंकित करतात, असेही परिषद म्हणते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९३ च्या आपल्या परिपत्रकात हीच यादी पुन्हा उद्धृत करून, कोणत्याही हेतूने समर्थन करता येणार नाही अशा कृत्यांचे उदाहरण म्हणून ती दिली. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात छळाचा निषेध तर आहेच, शिवाय भूतकाळात वैध शासनांनी क्रूर उपाय वापरले आणि ख्रिस्तसभेच्या धर्मगुरूंकडूनही अनेकदा त्यास विरोध झाला नाही, याची खेदपूर्वक कबुलीही आहे. आपण स्वच्छ हातांनी नव्हे, तर पश्चात्तापाने शहाणे होऊन बोलत आहोत.

चीनमधील आपल्या बांधवांची वेदना आपल्याला अधिक जवळची आहे. बाओडिंगचे बिशप सू झिमिन यांना ८ ऑक्टोबर १९९७ रोजी नेण्यात आले. नोव्हेंबर २००३ मध्ये एका रुग्णालयात नातेवाइकांना त्यांचे ओझरते दर्शन झाले, त्यानंतर काहीच नाही. बिशप शी एन्शियांग यांना २००१ च्या गुड फ्रायडेला अटक झाली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाल्याची बातमी आली, पण अधिकाऱ्यांनी तिला दुजोरा दिला नाही आणि कुटुंबाला पार्थिवही मिळाले नाही. शेजारच्या व्हिएतनाममध्ये कार्डिनल वान थुआन यांनी १९७५ पासून तेरा वर्षे खटल्याविना बंदिवासात काढली, त्यांतील नऊ वर्षे एकांतवासात. तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब व पाण्याचा एक थेंब घेऊन ते मिस्सा अर्पण करीत आणि पहारेकऱ्यांशी मैत्री करीत. शासनाने पहारेकरी वारंवार बदलले, कारण ते त्यांच्या प्रेमात पडत. त्या पहारेकऱ्यांचाही आपण विचार करायला हवा. गाओ यांच्या दाराबाहेर उभा असलेला शिपाई हाही कोणाचा तरी मुलगा आहे आणि त्याच्या आत्म्याचेही तेथे काहीतरी पणाला लागले आहे.

बिशपांच्या नेमणुकीविषयी व्हॅटिकन आणि चीन यांच्यात २०१८ मध्ये हंगामी करार झाला. २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये त्याची मुदत वाढवण्यात आली. या करारामुळे चीनमधील कैद्यांविषयी मोठ्याने बोलणे कठीण झाले आहे, अशी टीका काही ज्येष्ठ धर्मगुरूंनी केली. संवादाचे दार उघडे ठेवल्याशिवाय त्या देशातील श्रद्धावंतांना मेंढपाळ मिळणार नाहीत, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे आहे. दोन्ही बाजूंना ख्रिस्तसभेचे हितच हवे आहे आणि हा वाद येथे मिटवण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु राजनीतीतील संयम हे राजदूतांचे कर्तव्य असेल, तर सामान्य श्रद्धावंताला ते बंधन नाही. एबद-मलेखने बोलण्यापूर्वी आपल्या बोलण्याने राजकारणाचे काय होईल याचा हिशेब मांडला नव्हता.

आपल्या अंगणात

दुसऱ्याच्या घरातील अंधाराविषयी बोलताना आपल्या अंगणाकडे पाहावेच लागते. आणीबाणीच्या काळात, १ मार्च १९७६ रोजी, केरळमध्ये राजन या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी वसतिगृहातून नेले. त्याचे वडील ईच्चर वारियर एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे हिंडत राहिले. आणीबाणी संपल्यावर त्यांनी देहोपस्थितीचा अर्ज केला, तेव्हा मुलगा पोलिसांच्या कोठडीत मेल्याचे उघड झाले आणि राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. मुलाचा देह मात्र वडिलांना कधीच मिळाला नाही. त्याच आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, स्थानबद्धाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी दिला. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. तो निकाल चुकीचा होता हे न्यायालयाने स्वतः मान्य करायला २०१७ साल उजाडले.

आपल्या राज्यघटनेचे २२ वे कलम अटक झालेल्या व्यक्तीला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचे बंधन घालते. अटकेची माहिती नातेवाइकांना देण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात केली. ही आपली कमाई आहे. तरीही बेपत्ता करण्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २००७ मध्ये सही करूनही त्याला अद्याप अंतिम मान्यता दिलेली नाही. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही झाली, त्याचीही तीच अवस्था आहे. आणि फादर स्टॅन स्वामी यांना आपण कसे विसरू? येशूसंघाचे हे वृद्ध धर्मगुरू ऑक्टोबर २०२० मध्ये रांचीत अटक होऊन नवी मुंबईच्या तळोजा तुरुंगात आले. त्यांची कैद गुप्त नव्हती, त्यांना न्यायालय होते, वकील होते. पण कंपवाताने थरथरणाऱ्या हातांनी पाण्याचा पेला धरता येत नाही म्हणून नळीच्या पेल्यासाठी त्यांना अर्ज करावा लागला आणि त्या अर्जाच्या सुनावणीत आठवडे गेले. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा अर्ज प्रलंबित असतानाच, वयाच्या ८४ व्या वर्षी वांद्र्याच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरील आरोपांविषयी कोणाचे मत काहीही असो, तो पेला त्यांना पहिल्याच दिवशी मिळायला हवा होता. मानवी वागणूक म्हणजे काय, हे समजण्यासाठी याहून मोठी व्याख्या लागत नाही.

आपण काय करू शकतो?

‘आपल्या बोलण्याने चीनमध्ये काय फरक पडणार?’ असा प्रश्न कोणी विचारील. २०१० मध्ये गाओ काही आठवड्यांसाठी तरी जगासमोर आले, ते देशोदेशी विचारणा झाल्यानंतरच. शाया तुरुंगात भावाला त्यांची भेट मिळाली, तीही अशाच विचारणेनंतर. ज्याच्याविषयी कोणीच विचारत नाही तो कैदी सर्वांत असुरक्षित असतो. त्याचे नाव उच्चारले जाते, पत्रे येतात, तेव्हा किल्ली बाळगणाऱ्यालाही जाणीव राहते की हा माणूस मोजला जात आहे. बोलण्याने त्यांचा छळ वाढला तर, ही शंकाही रास्त आहे. पण अशा वेळी बोलायचे की नाही, हे ठरवण्याचा पहिला हक्क कुटुंबाचा असतो आणि त्यांच्या पत्नीने सातत्याने जगाला बोलण्याचीच विनंती केली आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. ३० ऑगस्ट हा सक्तीने बेपत्ता केलेल्यांचा आंतरराष्ट्रीय दिन असतो. त्या आठवड्यातील रविवारी मिस्सामध्ये श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत गाओ झीशेंग, बिशप सू झिमिन आणि नावे ठाऊक नसलेल्या अशा सर्व बंदिवानांसाठी एक विनंती जोडावी. २४ मे हा चीनमधील ख्रिस्तसभेसाठी प्रार्थनेचा दिवस पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ च्या पत्रात सुचवला. त्या दिवशी धर्मग्रामात जपमाळ व्हावी. युवक मंडळे व न्याय-शांती समित्यांनी मुंबईतील चिनी वाणिज्य दूतावासाला सौम्य, सभ्य भाषेत पत्र लिहावे. त्या पत्रात राजकीय घोषणा नको, चीनच्या जनतेविषयी कटुता तर मुळीच नको. गाओ स्वतः चिनी आहेत आणि त्यांचे सारे झगडणे आपल्या देशबांधवांसाठी होते. पत्रात चारच प्रश्न असावेत. ते कोठे आहेत? त्यांची प्रकृती कशी आहे? त्यांच्यावर कोणता आरोप आहे? त्यांच्या पत्नीला त्यांचा आवाज केव्हा ऐकू येईल? आणि तसेच एक पत्र आपल्या खासदारांना जावे, त्या दोन करारांना भारताने मान्यता द्यावी म्हणून.

अखेरच्या न्यायाच्या दिवशी प्रभू आपल्याला काय विचारणार आहे, हे मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात आपण वाचतो. भुकेला, तहानलेला, उघडा, आजारी आणि अखेरीस तुरुंगातला. ज्याच्या तुरुंगाचा पत्ताच ठाऊक नाही, त्याला भेटायला कसे जायचे? इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्याने वाट दाखवली आहे. आपणही त्यांच्याबरोबर बंदिवान असल्याप्रमाणे बंदिवानांची आठवण ठेवावी, अशी त्याची शिकवण आहे. आठवण ठेवणे हीच पहिली भेट होय.

एबद-मलेखकडे सैन्य नव्हते. जुन्या चिंध्या होत्या, दोर होता आणि राजासमोर तोंड उघडण्याचे धैर्य होते. चिंध्या आणि दोर आपल्याही घरात असतात. परमेश्वर आपल्याला ते धैर्य देवो, आणि ज्या कोणा अंधाऱ्या खोलीत त्याचा सेवक गाओ असेल तेथे त्याला अन्न, उजेड आणि एखादा प्रेमळ शब्द लाभो, हीच प्रार्थना.